नवखंडवैराग्यचक्रवर्ती

छापखान्यात पाच वर्षं प्रूफं वाचली की दोन गोष्टी वाढतात: चष्म्याचा नंबर आणि किस्से. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. बेंगळुरूच्या कॉटनपेटात माझ्या मामांचा, तुकोजींचा, छापखाना होता. अख्खी पेठ त्यांना अण्णा म्हणायची, मग मीही अण्णाच म्हणायचे. लग्नपत्रिका कमी, मठांची कामं जास्त.

*

मठाच्या पत्रिकेत स्वामींची बिरुदं चुकली की खैर नाही! एकदा एक भक्त धापा टाकत आले. "आमच्या स्वामींना तीन श्री! तुम्ही दोनच छापलेत!"

अण्णा वैतागून म्हणाले, "स्वल्प बसा, पाचशे पत्रिकांवर एकेक श्री हातानं लावून देतो."

भक्त खरंच खुर्ची ओढून बसले! संध्याकाळपर्यंत मी शिक्का मारत होते.

*

अण्णांचे वडील मी पाहिले नाहीत. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा आमचा जुळारी शिवण्णा सांगायचा, त्यांना अर्धी ओळ बघवायचीच नाही. पुढे पांढरा कागद दिसला की म्हणायचे, "हे काय, दात पडल्यासारखं!" आणि खिळे उचलून ओळ भरून टाकायचे. एका शिंप्याच्या जाहिरातीत जागा उरली, तिथं त्यांनी "राजमान्य" बसवलं. तो शिंपी मरेपर्यंत स्वतःला राजवाड्याचा शिंपी समजत होता!

*

आमच्याकडे येणाऱ्या एका मोठ्या मठाची बिरुदं दर वर्षी तीच, म्हणून शिवण्णा ते जुळवलेले खिळे सुतळीनं बांधून फळीवर ठेवायचा. एका वर्षी येलहंक्यापुढच्या एका छोट्या मठाची पत्रिका होती. तिथले स्वामी अण्णांचे गुरू. फार साधे, नावाआधी फक्त एक श्री. शिवण्णानं चुकून मोठ्या मठाचा गठ्ठा उचलून त्यांच्या नावावर बसवला. मी प्रूफ वाचलं, आणि मलाही दिसलं नाही!

पत्रिका वाटून झाल्यावर दिसलं: "नवखंडवैराग्यचक्रवर्ती". मी पत्रिका घेऊन अण्णांकडे धावले.

दुसऱ्या दिवशी त्या मठाचे सेक्रेटरी आले. अण्णा हात जोडून उभे. सेक्रेटरी म्हणाले, "बिरुद झकास बसलंय. दर वर्षी असू दे!"

*

चार वर्षांनी त्या मठाच्या उत्सवात सेक्रेटरी माइकवरून बिरुदाचा अर्थ सांगत होते. "नवखंड म्हणजे आपल्या परमगुरूंचं नऊ वर्षांचं मौन! एका राजानं हत्तीवरून उतरून हे बिरुद त्यांना अर्पण केलं!"

अण्णांच्या हातातला प्रसादाचा द्रोण तसाच राहिला. नंतर त्यांनी सेक्रेटरींना गाठलं. "हत्ती कुठून आला हो?"

"अय्यो, लोक विचारतात अण्णा! काहीतरी सांगायला नको?" सेक्रेटरी म्हणाले. "सोमवारपासून हे सगळं दगडी कमानीवर कोरायला घेतोय. हत्तीसकट!"

*

अण्णांचं जेवणावरचं लक्ष उडालं. "कागदावरची चूक पुढच्या वर्षी सुधारता येते. दगडावरची कशी सुधारू? गुरूच्या नावावर खोटं, आणि तेही माझ्या छापखान्यातलं!"

रविवारी सकाळी मला घेऊन त्यांनी येलहंक्याची बस धरली. स्वामी केळींना पाणी घालत होते. अण्णांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडत रडत सगळं सांगितलं. शिवण्णा, फळी, सुतळी, काही ठेवलं नाही. आता हे आम्हाला हाकलून देणार, अशी माझी खात्री झाली.

स्वामींनी बादली खाली ठेवली. "तुकोजी, ते मला पहिल्याच वर्षी कळलं. दुसऱ्याचं बिरुद माझ्या नावावर! मी घाबरून मोठ्या मठात क्षमा मागायला धावलो."

"मग?"

"तिथले स्वामी हसायलाच लागले. म्हणाले, ठेवा की! आमच्या गुरूंनाही ते कॉटनपेटातल्या त्याच छापखान्यानं दिलंय. म्हातारे मालक होते तेव्हा."

अण्णा मटकन खाली बसले. मला तो राजवाड्याचा शिंपी आठवला.

"कागदावर चाललं, दगडावर नको," स्वामी म्हणाले. "कमानीवर एक श्री आणि नाव, एवढंच कोरा म्हणून मी कालच सांगितलंय. पण पाथरवट कुरकुर करतोय. म्हणतो, अर्धी ओळ रिकामी राहते."

अण्णांनी डोळे पुसले. चष्मा नीट केला.

"अर्धी?" ते म्हणाले. "ते काही बरं दिसणार नाही, स्वामी."