हवा बघणारा माणूस

"हिच्या पत्रिकेत मंगळ नाय गो, डोक्यात आसा!"

शेजारच्या काकू चाळीच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना आईला सांगत होत्या. आई हसली नाही. काकू आत जाईपर्यंत मी दाराआड सँडलचा पट्टा लावत बसून राहिले. समोर गेले असते तर हसावं लागलं असतं, आणि वेळेवर हसणं मला शाळेपासून जमलेलं नाही.

तेव्हा मी लोअर परळला एका कंपनीत होते. विमानाच्या केबिनमधल्या हवेची गणितं करायचं माझं काम. शनिवारी संध्याकाळी मात्र दादरच्या एका सभागृहात, मंगळावर माणसांनी वस्ती का करायला हवी, यावर मी बोलायचे. शिवाजी पार्कला राहणारे एक निवृत्त इंजिनियर ही भाषणं ठरवत. भाषण इंग्रजीत आणि पाठ केलेलं. पाठ असलं की मी लाजत नाही.

बाबा एकदाच ऐकायला आले. शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. इंग्रजी त्यांना फारसं कळत नसे, पण पडद्यावरची चित्रं त्यांनी नीट पाहिली. बंद घुमट, आत माणसं, हवा यंत्रातून येणारी.

ही हवा त्यांच्या ओळखीची होती. गिरणीत जिथे माग चालत, तिथली हवा दमट ठेवणं हेच त्यांचं काम. खिडक्या बंद, वरून पाण्याचे फवारे. हवा सुकली की सूत तुटायचं. संप सुरू झाला त्या दिवशी फवाऱ्यांचा व्हॉल्व्ह त्यांनीच बंद केला. मागांवर अर्धं कापड तसंच राहिलं होतं. महिन्या-दोन महिन्यांत येऊन उघडू, असं त्यांना वाटलं. मी तेव्हा बालवाडीत होते. त्यांची गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही. पुढे ते एका इस्पितळात वॉचमन झाले. पण रोज सकाळी गॅलरीत उभं राहून बोट ओलं करून हवेत धरायचे आणि म्हणायचे, "आज सुकी आहे." कोणाला सांगायचे, कोण जाणे.

त्या शनिवारी आम्ही चालतच घरी निघालो. परळच्या पुलाशी आल्यावर त्यांनी विचारलं,

"तिकडे हवा बघायला माणूस लागणार?"

"लागणार ना, बाबा. कायमच."

"मग त्याला संप करता येईल काय गो?"

मी हसले. नेमकी तेव्हाच वेळेवर हसले. "बाबा, तिकडे सगळे शास्त्रज्ञ असणार. संप कोण करेल?"

"होय, होय," ते म्हणाले. रस्ता ओलांडताना त्यांनी माझा दंड धरला, लहानपणी धरायचे तसा.

दिवाळीआधी ते गेले. छाती गिरणीत असल्यापासूनच खराब होती.

माझं ऑफिस त्यांच्याच गिरणीच्या जागेवर उभं होतं. त्यांचं खातं नेमकं कुठे होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. आता मीटिंगमध्ये बसल्या बसल्या माझं बोट ओठांकडे जाऊ लागलं. एसीत ते लगेच सुकायचं. भाषणात घुमटाचं चित्र आलं की मी अडखळायचे.

शेवटी मी त्या निवृत्त इंजिनियरना सांगितलं, "सर, घुमटात हवा बघणाऱ्या माणसाने काम बंद केलं तर सगळे मरतील. म्हणजे त्याला ते कधी बंद करताच येणार नाही. मग त्याचं ऐकणार कोण?"

"अगं, शंका लोकांनी काढायच्या, आपण नाही. पुढच्या शनिवारी परदेशातले पाहुणे येतायत. तू त्यांना आवडलीस तर त्यांच्या मंगळाच्या टीममध्ये जाशील. आता घोळ घालू नकोस."

पाहुणे पहिल्या रांगेत बसले होते. शेवटच्या रांगेत एक इस्त्रीचा शर्ट दिसला, दुसऱ्याच कोणाचा तरी. घुमटाचं चित्र पडद्यावर आलं. पुढचं वाक्य मला पाठ होतं. ते आलं नाही. सर माझ्याकडे बघत होते. मी माइक जवळ घेतला आणि मराठीतच म्हणाले,

"हवा बघणाऱ्या माणसाला तिकडे संप करता येईल काय?"