न शिजणारा कंद

माझे धाकटे दीर लॉरी चालवायचे. एकदा हुमनाबादच्या ढाब्यावर एका बंगाली ड्रायव्हरनं त्यांना दोन कंद दिले, भोवऱ्यासारखे, मातकट सालीचे. त्याला शंखाळू म्हणतात हे मला पुढं कळलं. कसं खायचं, हे दिरांनी विचारलंच नव्हतं.

"रताळ्याचा भाऊ दिसायलाय, उकडा," सासूबाई म्हणाल्या.

माझी माय निर्णा गावच्या शेतात खुरपता खुरपता पाथरी, चिघळ असल्या रानभाज्या खुडायची. पण पान आधी चावून बघितल्याशिवाय तिनं कधी चुलीवर काही चढवलं नाही. म्हणून मी म्हणाले, "आत्याबाई, आधी एक फोड कच्ची चावून बघू."

"कच्चं खायला आपुन काय शेळ्या हाव?"

एक कंद चिरून पातेल्यात घातला. भाकरी झाल्या, वरण झालं, जळण सरत आलं, तरी फोडी कडकच. "अजून शिजू दे," सासूबाई म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. दुसरा कंद घेतला, देठाशी नख लावून ओढलं, तर सदरा काढावा तशी साल निघाली. पांढऱ्याशुभ्र फोडींना मीठ-तिखट लावून ताट सगळ्यांच्या मधोमध ठेवलं. करकर आवाज सुरू झाला, तो फोडी संपत आल्या तरी थांबेना.

तेवढ्यात शेजारीण आली. सासूबाईंनी शेवटची फोड तिच्या हातावर ठेवली.

"ह्याला शिजवायचं नसतंय, ध्यानात ठेव."

मी उठले आणि चुलीवरच्या पातेल्याचं झाकण काढून बाजूला ठेवलं.