वासूची लाल पाटी

वासूचा शेवटचा फोन मी नीट ऐकलाच नाही. मी वैशाली नगरच्या बाजारात मेथीच्या जुड्या उलटून-पालटून बघत होतो आणि तो आपला सांगत होता, "कॉम्प्युटरचे स्पीकर खरखर करून राहिले बे. पिन पुसली, वायर बदलली, मोबाइल दूर ठेवला, तरी जात नाही. कोन्या बाजूनं आवाज येते तेच समजत नाही मले. तू येऊन ऐक ना." रविवारी येतो, म्हणालो. शुक्रवारीच त्याच्या मुलीचा बंगळूरहून फोन आला... "काका, बाबा गेले." कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्याचं हृदय थांबलं होतं.

भिलाईच्या एका लहानशा वर्कशॉपात आम्ही दोघांनी अर्धं आयुष्य मशीन दुरुस्त करण्यात घालवलं. वासूचा खाक्या ठरलेला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग थांबून ऐकायचं. मी चार गोष्टी एकदम बदलून मोकळा व्हायचो आणि मशीन सुरू झालं की कॉलर ताठ करायचो. "चालू झालं, पन कावून झालं, कशानं झालं ते सांग," असं तो विचारायचा. निवृत्तीनंतर नातीशी बोलता यावं म्हणून त्याने कॉम्प्युटर घेतला, मोठे स्पीकर लावले. त्याला एकाच कानाने ऐकू यायचं, आणि एका कानाच्या माणसाला आवाजाची दिशा कळत नाही. तो दुसरा कान माझ्यामुळे गेला होता. हे मी आजवर कुठे लिहिलं नाही, कुणाशी बोललोही नाही.

आमच्याकडे नियम होता. दुरुस्तीला जाणाऱ्याने स्विच बंद करून त्यावर आपल्या नावाची लाल पाटी लटकवायची, आणि काम झाल्यावर त्यानेच ती काढायची. तो दिसत नसेल तर नाव घेऊन तीन हाका मारायच्या. आतून ओ आली नाही, तरच दुसऱ्याने पाटीला हात लावायचा. एका दुपारी मला घाई होती. वासू जेवायला गेला असेल असं धरून मी त्याची पाटी काढली आणि एकही हाक न मारता कॉम्प्रेसर सुरू केला. तो मागे, उघड्या पाइपाशी वाकलेला होता. सुटलेली हवा थेट त्याच्या डाव्या कानात गेली. साहेबांना त्याने सांगितलं, पाटी वाऱ्याने पडली असेल. मला म्हणाला, "जाऊ दे न, एक कान आहे अजून." मी त्याची माफीसुद्धा मागितली नाही. हिंमत झाली नाही, दुसरं काय.

तो गेल्यावर दीड महिन्याने त्याच्या बायकोने, शोभावहिनींनी, मला बोलावून घेतलं. हुडको वसाहतीतल्या त्यांच्या घरी कॉम्प्युटरच्या खोलीत पाऊल टाकलं आणि जागीच थबकलो. टेबलावरच्या स्विचबोर्डवर तीच जुनी पाटी लटकत होती. 'काम चालू है. वासुदेव.'

"मी नाही काढली," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्यानं काढाची नसते, हे नेहमी म्हनत. लेक म्हनते, घर बंद कर अन् माझ्याकडे चाल. तुमी काढून द्या, भाऊजी." मग आवाज खाली आणून, "अन् ते खरखर... बंद आहे तरी येते."

बाई एकटी पडली बिचारी, असं मनात म्हणत मी चहाचा कप तोंडाला लावला, आणि मलाही ऐकू आली. बारीक, तापल्या तव्यावर मीठ पडावं तशी. स्विच बंद होता. स्पीकरचा प्लग टेबलावर मोकळा पडला होता. मी एकेका वायरला टेस्टर लावला, दिवा काही लागला नाही. लांब वायर कधी कधी हवेतलं काहीबाही पकडते, असं मी वहिनींना समजावलं.

या वेळी तरी सगळं नियमाने करायचं, असं ठरवून मी बोर्डजवळ उभा राहिलो. भर दुपार, खिडकी उघडी. "वासुदेव." खरखर चालूच. "वासुदेव." बाहेरून एक स्कूटर गेली. तिसरी हाक मारणार, तोच वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तिकडून नाही, भाऊजी. त्या बाजूनं ऐकू येत नाही ह्यायले. उजवीकडे या."

त्यांना काय काय माहीत होतं, मला ठाऊक नाही. रिकाम्या खुर्चीला वळसा घालून मी उजवीकडे गेलो, थोडा वाकलो. नावाच्या आधी तोंडातून "माफ कर बे" एवढंच निघालं... मग नाव घेतलं.

खरखर थांबली.

मी पाटीकडे नेलेला हात मागे घेतला.

"राहू द्या, वहिनी," मी म्हणालो. "आत माणूस आहे."