मोताळ्याच्या आत डॉक्टर ठरवा

गाडीत वऱ्हाडी बसले की गाणी होतात, पेशंट बसला की किस्से होतात. धामणगाव बढेच्या स्टॅण्डवर माझी सात सीटची गाडी उभी असते. वऱ्हाड वर्षातून चारदा मिळतं, पेशंट रोज मिळतो. त्यामुळे गाण्यांपेक्षा माझ्याकडे किस्सेच जास्त साठलेत.

आमच्याकडून मोताळ्यापर्यंत रस्ता एकच. मोताळ्याच्या चौकात मात्र ठरवावं लागतं. एक रस्ता मलकापूरच्या दवाखान्यांकडे जातो, दुसरा राजूरचा घाट चढून बुलडाण्याला. म्हणून पेशंट बसला की मी आधीच सांगतो, "मोताळ्याच्या आत डॉक्टर ठरवा."

आणि एक गोष्ट सांगून टाकतो. लोकांना दवाखान्यात सोडणारा मी, विलास तायडे, स्वतः दवाखान्याची पायरी चढायला घाबरतो. चार महिन्यांपासून चढावर माझी छाती जड होते. बायको सुनीता रोज विचारते, "कवा जाता?" मी म्हणतो, "कोणाकडे जायचं ते तं ठरू दे."

*

एकदा एका म्हाताऱ्या बाबांचं पोट दुखत होतं. सोबत दोन मुलं, जावई आणि पुतण्या. थोरला म्हणाला सरकारी दवाखाना. धाकटा म्हणाला मलकापूर, "त्या डॉक्टरच्या हाताले गुण हाय." जावयाला बुलडाण्याचा मोठा डॉक्टर पाहिजे होता. पुतण्या म्हणे, आधी सोनोग्राफी करू, डॉक्टर मागून पाहू.

मोताळ्याच्या चौकात गाडी उभी करून वीस मिनिटं हीच चर्चा. तेवढ्यात मागच्या सीटवरचं कण्हणं बंद झालं. वळून पाहिलं तर सीट रिकामी!

बाबा समोरच्या छोट्या दवाखान्यातून येत होते, दंडावर कापूस दाबून. म्हणाले, "मले सुई लागली, बरं वाटून राह्यलं. तुमचं ठरलं का नाई अजून?"

*

शांताकाकू आमच्या गल्लीतल्या. बाजाराच्या दिवशी गाडीत बसल्या तेव्हा त्यांचा उजवा हात मनगटापासून सुजून टम्म झाला होता. अंगणात पडून चार दिवस झाले होते म्हणे.

मला बघवेना. मी गाडी हाणत मोताळ्याला नेली. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि चिडले. "मावशी, हाड मोडलंय. त्याच दिवशी का नाही आलात?"

काकूंनी डॉक्टरांकडे असं पाहिलं, जणू त्यांनाच काही कळत नाही.

"त्या दिवशी बाजार कुठी होता?"

प्लास्टर झाल्यावर मी त्यांना घरी चला म्हणालो. त्यांनी डाव्या हाताने पिशवी उचलली आणि आधी मेथी घ्यायला गेल्या.

*

आमच्या शाळेतले एक सर शिकलेले, म्हणून त्यांची काळजीही जास्त. मुलीच्या अंगावर पुरळ आलं. पहिल्या डॉक्टरने एक गोळी दिली आणि चार दिवस थांबा म्हणाला. सरांना थांबणं पटलं नाही. मलकापूरला गेलो, तिथे रक्त तपासलं. तरी समाधान नाही म्हणून बुलडाणा. फाईल जाडजूड झाली.

बुलडाण्याच्या डॉक्टरांनी सगळे कागद वाचले, मुलीला पाहिलं आणि चिठ्ठीवर एकच ओळ लिहिली: पहिल्या डॉक्टरची गोळी चालू ठेवा.

सरांनी येताना मला विचारलं, "विलास, पहिल्या डॉक्टरची चिठ्ठी तुझ्या गाडीत तं नाही ना राहिली?"

*

या पुढच्या किश्श्यावर स्टॅण्डवर सगळे हसतात. मला हसू येत नाही.

देविदास चक्कीवाला एका सकाळी गालावर हात ठेवून आला. दाढ दुखते, मोताळ्याला दातांच्या मॅडमकडे सोड म्हणाला. वाटेत त्याला घाम फुटला. मी म्हणालो, दाढ दुखते तेव्हा फुटतोच. असं मीच म्हणालो.

मॅडमनी त्याला खुर्चीत बसवलं, दोन प्रश्न विचारले आणि दाताला हातही लावला नाही. त्याला धरून बाहेर आणलं आणि स्वतःच गाडीत बसल्या. पायात दवाखान्यातल्याच चपला. "दाढेला काही झालेलं नाही. हे हार्टचं दिसतंय. बुलडाण्याला घ्या, थांबू नका."

घाटात मी एकदाही ब्रेक लावला नसेल. देविदास वाचला. आता गावात कोणाच्या छातीत दुखलं की तो खात्रीने दातांच्या मॅडमचा पत्ता देतो.

मी मात्र तेव्हापासून आरशात पाहून स्वतःचा जबडा चाचपतो.

*

छोटासा एक. एका आजींना घेऊन आम्ही बुलडाण्याच्या काउंटरपर्यंत पोचलो आणि आधार कार्ड घरी राहिलेलं. घाट उतरून परत गावाला आलो. आजींनी उशीखालून कार्ड काढलं आणि म्हणाल्या, "आता दमले. उद्या जाऊ."

हे ऐकल्यावर सुनीताने माझं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलं. "वेळेवर शोधायले नको," म्हणाली. मी तिला विषय बदलायला लावला.

*

आता रशीद चाचांचं. चाचा स्टॅण्डवर पंक्चर काढतात, त्याआधी वीस वर्षं ट्रक चालवला. ताप आला तरी काळा चहा पिऊन कामाला बसणारा माणूस. काल ते सकाळीच माझ्या घरी आले. सुनीताशी दारात काहीतरी बोलले, मग मला म्हणाले, "विलास, छातीचं दाखवायचं हाय. गाडी काढ."

मी गाडीची किल्ली उचलली. "कोणाकडे, चाचा?"

"बुलडाण्याले. हार्टवाल्याकडे."

मोताळ्याच्या आत काय, घराच्या उंबऱ्यातच डॉक्टर ठरवणारा हा माझा पहिला पेशंट.

घाट सुरू झाला आणि माझी छाती जड झाली. गाडी गरम झाली म्हणत मी कडेला थांबलो. चाचा खाली उतरून माझ्या दाराशी आले.

"सरक तिकडे. म्या चालवतो."

"चाचा, तुम्ही पेशंट हाय."

"मंग पेशंटचं ऐकत जाय ना बे."

मी सरकलो. चाचा सावकाश घाट चढवत होते आणि मी बाजूला बसून त्यांना धीर देत होतो.

"घाबरू नका. छातीवर वायरी लावतात, कागदाची पट्टी निघते. बस."

"दुखत नाई?"

"बिलकुल नाही."

"अन् अॅडमिट व्हा म्हटलं तं?"

"तं व्हायचं. वेळेवर आलेला माणूस वाचते, चाचा. देविदास नाही का वाचला?"

"मनापासून सांगतं ना?"

"मनापासून."

"मंग ठीक हाय," चाचा म्हणाले आणि दवाखान्याच्या दारात गाडी लावली.

त्यांचा हात धरून मी त्यांना काउंटरपर्यंत नेलं. तिथल्या मुलीने पेशंटचं आधार कार्ड मागितलं. चाचांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातलं कार्ड तिच्यापुढे ठेवलं.

मुलीने कार्डावरचा फोटो पाहिला आणि मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.