उजवी सोंड

वहिनी गेली त्याला दीड महिना झाला. भाच्याचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, त्रास झाला का रे? नाही म्हणाला. चहा प्यायली, आडवी झाली, ती गेलीच. सुटली बाई, म्हटलं... आणि फोन ठेवल्यावर रडत बसले.

लढाईच्या दिवसांत ती लग्न होऊन आमच्या भिसेगावच्या घरी आली. शाळेत चित्रकलेच्या बाईंकडून ती लिनोवर कोरून ठसे काढायला शिकली होती. लिनो म्हणजे साहेबी कचेऱ्यांत जमिनीवर अंथरायचं ते जाड मेणकापड. दादा मुंबईला नोकरीला, तो त्याचे फाटके तुकडे आणायचा. कोरण्या कुठून आणायच्या? तिनं मोडक्या छत्रीच्या काड्या दगडावर घासून लाकडी मुठीत ठोकल्या. काडीला मुळातच पन्हळ असते, त्यामुळे ती झकास कोरते. तुकडा उन्हात ठेवून मऊ करायचा, मग पाटावर ठेवून कोरायचा. पहिल्याच दिवशी मी बोट कापून घेतलं. हळद दाबत ती म्हणाली, "वन्सं, हात नेहमी हत्याराच्या मागे."

शाई कर्जतच्या छापखान्यातली. मालक म्हातारा, भला माणूस. डबी देताना बजावायचा, "हाताला लागली तर राकेल लावा, पान्यानं निघायची नाय." चिंध्यांच्या बोळ्यानं शाई लावायची, वर कागद ठेवून पळीच्या पाठीनं घासायचं. पळी काळी झाली म्हणून आई दोन दिवस धुसफुसत होती. पण वहिनीची कोंबडी कागदावर उमटली तेव्हा तीच शेजारणीला हाक मारून आली. पुढे छापखानेवाल्यानंही वहिनीला विचारलं, लग्नपत्रिकांसाठी असे ठसे करून द्याल का? काय खूश झाली होती ती! पहिली पत्रिका माझीच ठरली.

गणपती तिनं पातळ कागदावर पेन्सिलीनं काढला, डाव्या सोंडेचा, रीतीप्रमाणे. आणि नेमकी बाहेर बसली. तीन दिवस शिवायचं नाही, आणि देवाला तर नाहीच. इकडे अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पत्रिकांची घाई. मग मी करते म्हटलं. कागद लिनोवर पालथा घालून घासा, तिनं लांबूनच सांगितलं. घासला, तर लिनोवर सोंड उजवीकडे! ठशात सगळं उलटं होतं, हे तिनं दहादा सांगितलं होतं, मला कळतही होतं. पण उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक, त्याचं सोवळं सांभाळायचं कुणी? माझा हात धजेना. सोंड पुसली, डावीकडे काढली आणि तशीच कोरली. तिला म्हटलं, झालं सगळं नीट. अप्पांनी तुकडा छापखान्यात पोचवला आणि पत्रिका तिथूनच परस्पर टपालात टाकल्या.

टपालात टाकल्यापासून चौथ्या दिवशी माझे होणारे सासरे खालापूरहून पत्रिका घेऊन दारात उभे. छापात सोंड उजवीकडे आली होती. अशा गणपतीच्या साक्षीनं आमच्या घरात लग्न लागायचं नाही, म्हणाले. कुणी केलं हे? मी आत, चहाचे कप हातात. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, वहिनी तेव्हा बाहेर बसली होती.

वहिनी उंबऱ्यापाशी येऊन म्हणाली, "माझ्या हातून झालं. वन्संचा यात काही दोष नाही."

आई गप्प. मीही गप्प. सासरे निवळले, पण अप्पांना त्यांच्यासमोर शब्द द्यावा लागला की या घरात पुन्हा कोरकाम होणार नाही. शब्द अप्पांनी पाळला. कोरण्या त्याच दिवशी भंगारवाल्याकडे गेल्या, छापखान्याला नकार कळवला. माझं लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं.

पुढे कितीतरी वर्षांनी, अप्पाही नव्हते तेव्हा, मी तिला म्हटलं, आता तरी पुन्हा सुरू कर ना. "हात बसलेला असतो, वन्सं. तो गेला की गेला," एवढंच म्हणाली आणि जेवायला वाढायला उठली. तिच्या आवाजात राग असता तर मला सोसलं असतं.

तेराव्याला माणसं जमली. कुणीतरी गमतीनं पत्रिकेची आठवण काढली, वहिनीनं गणपती कसा उलटा कोरला ती. सगळे हसले. भाचाही हसला. मी म्हटलं, तो गणपती मी कोरला होता.

भाचा उठून आत गेला आणि एक बटाटा घेऊन आला. अर्ध्यात कापलेला, सुकून काळा पडलेला, कापल्या बाजूला एक बारीकसं फूल कोरलेलं. तो म्हणाला, "आत्या, आई रोज दुपारी असं काहीतरी कोरायची... आणि संध्याकाळी भाजीत टाकायची. हा तेवढा राहिला."