बिंदू क्रमांक एकोणीस

सतरा जुलै, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. बर्मिंगहॅममधील आमच्या ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये, पडद्यावर एका वाळवंटी राजधानीत उभी राहत असलेली नवी वसाहत होती. सावलीचे रस्ते, कारंजी, काचेचे मनोरे. तिथल्या उष्णतेचा अभ्यास माझ्याकडे होता. अठरा ठिकाणी तापमान आणि वारा मोजणारी यंत्रे ठरली होती. एकोणिसावे मी बसवून घेतले. मजूर दुपारी विसावतात त्या पत्र्याच्या शेडमध्ये.

आमचे संचालक पुण्याचे. इंग्रज सहकाऱ्यांसमोर ते माझ्याशी मराठीत बोलले.

"एकोणीस काढून टाक. शेड तात्पुरती आहे. आणि त्या लोकांना ऊन बाधत नाही गं. तुला काय सांगायचं, तुझ्या घरातलेच ना ते?"

ते हसले. म्हणून बाकीचेही हसले. एकालाही शब्द कळला नव्हता.

माझे घर त्यांना ठाऊक होते. मराठी मंडळाच्या दिवाळीत फराळ वाढताना त्यांनी विचारले होते. आडनाव? गाव कुठलं? वडील काय करायचे? तिसऱ्या उत्तरानंतर त्यांनी प्लेट माझ्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. मी ती उचलली. चिवडा खाल्लासुद्धा.

माझे वडील पडद्यावरच्या त्याच वाळवंटी शहरात बांधकामावर सळ्या वाकवत. नऊ वर्षे. फोनवर मी विचारत असे, "बाबा, फार ऊन आहे का?"

"नाही गं पोरी. दुपारी शेडमध्ये बसतो. मस्त वारा असतो."

शाळेतल्या निबंधात मी तो वारा लिहिला होता. ते परतले ते उन्हाने दोन्ही किडन्या निकामी होऊन. मी एम.एस्सी. करत असताना गेले. वाऱ्याची गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत बदलली नाही.

मी उभी राहिले. संचालकांचे वाक्य शब्दशः इंग्रजीत सांगितले. शेवटचा प्रश्नही. मग त्याचे उत्तर दिले: "हो. माझ्याच घरातले."

हसू थांबले. सगळे कागद चाळू लागले.

दुपारी संचालकांचा ईमेल आला. एकोणीस वगळून अहवालावर सही करा, किंवा प्रकल्प सोडा.

मी सही केली नाही. यापुढेही, माणसे वगळलेल्या कोणत्याही नकाशावर करणार नाही. दुसऱ्या दिवशी प्रकल्प सोडल्याचे पत्र सर्वांना पाठवले आणि एकोणीसचे सगळे आकडे त्याला जोडले. शेवटची नोंद तिथल्या जेवणाच्या सुट्टीतली, शेड भरलेली असतानाची.

वाऱ्याचा वेग: ०.०