शिकवण या शब्दाची चिठ्ठी

समानार्थी शब्दांच्या कोशाचं काम चालायचं त्या कचेरीत त्यांना सगळे बाई म्हणत. दोन खोल्या, भिंतभर लाकडी खण आणि खणांत चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा अर्थ आणि एक वाक्य. बाई बावीस वर्षं हेच काम करत होत्या.

घरी वडील, अण्णा. मुख्याध्यापकीतून निवृत्त झाले, पण त्यांचं बोलणं काही निवृत्त झालं नाही. दूधवाल्यालाही सचोटीवर दहा मिनिटं ऐकवायचे. तो बिचारा कॅन धरून उभा. बाईंचा धाकटा भाऊ परीक्षेत नापास झाला तेव्हा अण्णा भरल्या ताटावर दीड तास बोलले. भाऊ उठला, हात धुतले आणि गेला तो गेलाच. सोळा वर्षं फक्त बाईंना फोन करायचा.

मग अण्णांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. बाईंनी कळवलं, तसा भाऊ आला. चार दिवस राहिला, रोज सकाळी त्यांची दाढी करून द्यायचा. अण्णा टक लावून त्याच्याकडे बघत.

निघताना तो दारात म्हणाला, "ताई, पहिल्यांदाच त्यांनी मला बोलू दिलं."

"मग काय बोललास?"

"काही सुचलंच नाही गं."

महिन्याभराने अण्णा गेले. पाचव्या दिवशी बाई कामावर आल्या. रडू येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली होती, मग तेही सोडून दिलं.

टेबलावर नवा गठ्ठा होता: उपदेश, बोध, कानउघाडणी, शिकवण.

संपादक अवघडून म्हणाले, "राहू द्या बाई, हे दुसऱ्या कुणाला देतो."

"नको सर. करते मी."

त्यांनी लिहिलं, उपदेश करतात, बोध घेतात. कानउघाडणीही भराभर उरकली. शिकवणीपाशी पेन थांबलं. अण्णांचं एखादं वाक्य आठवायला गेल्या, तर नुसतं वर केलेलं बोट दिसलं. बऱ्याच वेळाने त्यांनी लिहिलं, 'वडिलांची शिकवण तिला आठवेना.'

संपादकांनी ते दोनदा वाचलं. "हे ठेवायचं?"

"अर्थ कळतो ना, सर?"

"कळतो." त्यांनी खाली सही केली.

रविवारी भावाचा फोन आला. पुढच्या आठवड्यात येतो, अण्णांची खोली आवरू, म्हणाला.

"ये," बाई म्हणाल्या. "चावी शेजारी ठेवते. मी कामावर असेन."